श्योपूरचा मुक्तिबोध : प्रेम, क्रांती आणि दोन भाषा

सुधीर मिश्रांचा 'हजारों ख्वाहिशें ऐसी' हा सिनेमा २००५ साली थिएटरात लागला. नाव गालिबच्या गझलेवरून घेतलेले. दिल्लीच्या कॉलेजातली तीन मुले, काळ नक्षलबारीनंतरचा. न्यायाधीशाचा मुलगा सिद्धार्थ क्रांतीसाठी बिहारच्या खेड्यात जातो. गीताचे त्याच्यावर प्रेम. आणि विक्रमचे गीतावर. विक्रमला क्रांतीशी काही देणेघेणे नाही, त्याला फक्त वर चढायचे आहे. मग आणीबाणी येते आणि सगळ्यांचे हिशेब चुकतात. सिद्धार्थ शेवटी चळवळ सोडून परदेशी जातो. खेड्यात राहते ती गीता, पोलिसांच्या मारातून कायमचा अधू झालेल्या विक्रमला सांभाळत.

हा सिनेमा मी तीनचार वेळा पाहिला असेन. दर वेळी मला एका माणसाची आठवण होते, आणि त्याचा या सिनेमाशी वरवर काहीही संबंध नाही. तो माणूस म्हणजे गजानन माधव मुक्तिबोध. जन्म १३ नोव्हेंबर १९१७, गाव श्योपूर, संस्थान ग्वाल्हेर.

श्योपूर आता स्वतंत्र जिल्हा आहे. २०२२ साली नामिबियातून चित्ते आणून सोडले ते कुनोचे जंगल याच जिल्ह्यात. मुक्तिबोध जन्मले तेव्हा ते शिंदे सरकारचे एक आडबाजूचे ठाणे होते. आम्हा गोंयकारांना ग्वाल्हेर तसे परके नाही. पेडण्यातल्या केरीचे जिवबादादा बक्षी केरकर महादजी शिंद्यांचे नामांकित सेनानी होते. त्यांच्यासारखी कितीतरी मराठी घराणी तलवार नाहीतर लेखणी घेऊन उत्तरेत गेली आणि तिथलीच झाली. मुक्तिबोधांचे घराणे मूळचे खानदेशातले, जळगावकडचे. वडील माधवराव संस्थानच्या पोलीस खात्यात अधिकारी. घरात मराठी, बाहेर हिंदी. वडिलांची बदली होईल तिथे बिऱ्हाड जायचे. शेवटी उज्जैन. तेही ग्वाल्हेर संस्थानातच.

आता प्रेमाचे सांगतो. इंदूरच्या होळकर कॉलेजातून गजानन १९३८ साली बी. ए. झाले. त्याच दिवसांत शांताबाईंशी प्रेम जुळले. घरच्यांना हे पसंत नव्हते. तरी १९३९ साली त्यांनी लग्न केलेच. आज याचे कोणाला काही वाटणार नाही. पण संस्थानी पोलीस अधिकाऱ्याच्या मराठी घरात, तेही १९३९ साली, मुलाने आपल्या मनाने बायको निवडणे म्हणजे घराच्या पायाला हात घालणे होते.

आणि राजकारणाचे? लग्नानंतर ते मास्तरकी करत बडनगर, शुजालपूर, उज्जैन असे फिरले. शुजालपूरला नेमिचंद्र जैन भेटले आणि मार्क्सवादाची वाट पक्की झाली. त्याआधी त्यांच्यावर फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँचा पगडा होता, हे त्यांनी स्वतःच 'तार सप्तक'मध्ये नमूद केले आहे. अज्ञेयांनी १९४३ साली संपादित केलेले 'तार सप्तक' म्हणजे सात कवींचे पुस्तक, आधुनिक हिंदी कवितेतला मैलाचा दगड. त्या सातांतले दोघे मराठी घरांतले. एक हे, आणि दुसरे प्रभाकर माचवे, ज्यांचा जन्म ग्वाल्हेरचाच. हिंदीच्या नव्या कवितेचा पाया घालणाऱ्या सातांत दोन मराठी मुले असावीत, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

भाषेचा हा मामला गोव्यात कोणालाही पटकन कळावा. लक्ष्मणराव सरदेसाई मराठीतले मोठे कथाकार, तर त्यांचे चिरंजीव मनोहरराय कोंकणीतले मोठे कवी. मुक्तिबोधांच्या घरात ही वाटणी दोन सख्ख्या भावांत झाली. थोरले गजानन हिंदीत गेले. धाकटे शरच्चंद्र मराठीत राहिले आणि 'नवी मळवाट'चे कवी म्हणून आपल्याला ठाऊक झाले. दोघेही मार्क्सवादी, दोघेही कवी. शरच्चंद्रांची 'क्षिप्रा' ही कादंबरी ज्यांनी वाचली असेल त्यांना बिशू आठवत असेल. क्षिप्रा ही उज्जैनची नदी. पुढे 'सरहद्द' आणि 'जन हे वोळतु जेथे' या कादंबऱ्यांत बिशूची वाट आणखी पुढे जाते. थोरल्या भावाची कविता समजायची असेल तर मराठी वाचकाने आधी 'क्षिप्रा' वाचावी असे माझे मत आहे. ज्या हवेत ही मुले वाढली ती हवा तिथे आपल्याच भाषेत मिळते. भाऊ भाषेने दुरावले असे आपण म्हणतो, पण इथे घर एकच आणि प्रश्नही एकच होता. गोव्यातल्या भाषावादात ज्या घरांत दोन फळ्या झाल्या, त्यांनी हे उदाहरण जरूर पाहावे.

असो. पुढची गोष्ट हालाची आहे. बनारस, जबलपूर आणि मग १९४८ पासून नागपूर. कधी शाळा, कधी सरकारी माहिती खाते, कधी आकाशवाणी, कधी 'नया खून' हे साप्ताहिक. पगार तुटपुंजा, मुले लहान, डोक्यावर कर्ज. नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या कामगारांवर गोळीबार झाला तेव्हा ते वार्ताहर म्हणून तिथे होते, आणि 'अंधेरे में' या दीर्घ कवितेमागे तो अनुभव आहे असे अभ्यासक मानतात. १९५८ साली राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात नोकरी मिळाली तेव्हा कुठे जरा स्वस्थता आली. तीही टिकली नाही. त्यांनी शाळांसाठी लिहिलेल्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या पुस्तकावर १९६२ साली मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. हा घाव त्यांना फार लागला. फेब्रुवारी १९६४ मध्ये पक्षाघात झाला. आधी भोपाळ, मग दिल्ली. लेखक मित्रांनी थेट पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींपर्यंत धाव घेतली. पण ११ सप्टेंबर १९६४ रोजी सगळे संपले. वय ४६. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा पहिला कवितासंग्रह त्याच वर्षी निघाला. कवीच्या हाती तो पडला नाही.

इथे इतिहासाचा एक धागा गमतीदार रीतीने जुळतो. मुक्तिबोध आजारी पडले तेव्हा मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री होते द्वारकाप्रसाद मिश्र. स्वतः कवी, 'कृष्णायन'चे कर्ते. याच मिश्रांचे सरकार १९६७ साली ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे यांनी आमदार फोडून पाडले. आणि 'हजारों ख्वाहिशें ऐसी'चे सुधीर मिश्र हे त्यांचेच नातू. ज्या घराने सत्तेचा खेळ इतक्या जवळून पाहिला, त्या घरातल्या मुलाने सत्ता आणि स्वप्न यांवर सिनेमा काढावा, यात मला नवल वाटत नाही.

मुक्तिबोधांवरही सिनेमा आहे. मणी कौल यांचा 'सतह से उठता आदमी', १९८० सालचा. गोपी आणि एम. के. रैना यांच्या भूमिका. त्याच वर्षी नेमिचंद्र जैनांनी मित्राची समग्र रचनावली सहा खंडांत संपादित करून प्रसिद्ध केली. कौलांचा सिनेमा गोष्ट सांगत नाही. कथा, कविता, निबंध यांचे तुकडे एकत्र आणून तो त्या माणसाच्या मनात शिरतो. पाहायला कठीण आहे, पण प्रामाणिक आहे.

या दोन सिनेमांत मला एक फरक सलतो. मिश्रांच्या सिनेमात क्रांतीची किंमत कोणी मोजली हे शेवटी स्पष्ट दिसते. ती गीताने मोजली. मुक्तिबोधांच्या बाबतीत आपण कवीची गरिबी सांगतो, बिड्या सांगतो, बंदी सांगतो. पण त्या गावोगावच्या बिऱ्हाडांत चूल पेटती ठेवणाऱ्या शांताबाई एका ओळीत आटोपतात : १९३९ साली प्रेमविवाह. नवऱ्याने नोकऱ्या सोडल्या, गावे बदलली, रात्री जागून कविता पुन्हा पुन्हा लिहिल्या, आणि नंतर मुले पदरात टाकून तो गेला. नवऱ्याच्या आदर्शवादाचे व्याज त्यांनी भरले. तेही त्याच्यानंतर कित्येक दशके.

प्रेम की क्रांती, असा प्रश्न सिनेमात नेहमी विचारला जातो. ग्वाल्हेर संस्थानातल्या या पोराने तो विचारलाच नाही. घरचा विरोध पत्करून बायको केली तीही त्याच बंडाने, आणि पोटाला चिमटा घेऊन लिहिले तेही त्याच बंडाने. त्याच्यासाठी ती एकच गोष्ट होती. फक्त तिचे ओझे दोघांनी उचलले होते, आणि नाव एकाचेच राहिले.

ग्वाल्हेरला जाणारे मराठी लोक झाशीच्या राणीची समाधी पाहतात, तानसेनची कबर पाहतात, जयविलास महाल पाहतात. ते सगळे पाहावेच. पण परतल्यावर 'क्षिप्रा' वाचा आणि मग जमेल तसे 'अंधेरे में'. हिंदी जड वाटेल. पण वाचता वाचता वाक्याच्या वळणात कुठेतरी आपल्या घरातले मराठी ऐकू येते, निदान मला तरी येते.