भरावाखालचे पाणी

सॉल्ट लेक हे नाव आज वसाहतीचे. मुळात ते कोलकात्याच्या पूर्वेकडील खाऱ्या पाणथळीचे. मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये हुगळीच्या तळातला गाळ नळांतून आणून तिथे भराव घालायला सुरुवात झाली. नगराची आखणी युगोस्लाव्ह नगररचनाकार तोश्कोविच यांची. फाळणीनंतर कोंडलेल्या शहराला घरे हवीच होती. पण त्यासाठी पाणथळ पडीक धरली गेली.

ती राबती होती. शहराचे सांडपाणी ‘भेडी’ नावाच्या उथळ तळ्यांत येते. ऊन आणि शेवाळ ते निवळवतात, त्यावर मासे पोसतात, पुढे भात पिकतो. सरकारी अभियंता ध्रुवज्योती घोष यांनी ही व्यवस्था अभ्यासून नकाशावर आणली. उरलेल्या पाणथळीत व्यापार केंद्र उभारण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ‘पब्लिक’ ही नागरिक संस्था उच्च न्यायालयात गेली. १९९२ मध्ये न्यायमूर्ती उमेशचंद्र बॅनर्जी यांनी पुढील भरावाला मनाई केली. २००२ मध्ये १२,५०० हेक्टर क्षेत्र रामसर यादीत आले.

पाण्याकाठच्या घराची किंमत बाजार लगेच सांगतो. पाण्याची किंमत न्यायालयात मांडली जायला तीस वर्षे लागली. तोवर सॉल्ट लेक वसून गेले होते.