लिटल ऑक

लिटल ऑक : उत्तर अटलांटिक व आर्क्टिक महासागरांत राहणारा, बुडी मारून भक्ष्य पकडणारा समुद्रपक्षी. कुल ॲल्सिडी; शास्त्रीय नाव ॲल्ले ॲल्ले. लांबी सुमारे २० सेंमी. लांबीला साळुंकीहून कमी भरला, तरी वजनाला तिच्याहून जड. पाठ व डोके काळे, पोट पांढरेशुभ्र, डोळ्यावर बारीकसा पांढरा ठिपका, चोच आखूड व जाड. उन्हाळ्यात काळा असलेला गळा हिवाळ्यात पांढरा होतो. रूप पेंग्विनचे असले, तरी ऑक हे कुरव आणि सुरय यांचे भाईबंद आहेत. शिवाय हा पक्षी वेगाने उडतो.

पाण्याखाली तो पंख मारीत पोहतो. कोपेपॉड हे काही मिलिमीटर लांबीचे चरबीदार कवचधारी जीव त्याचे मुख्य अन्न. पिल्लासाठी ते गळ्याखालच्या पिशवीत भरून आणतो. तेव्हा गळा फुगलेला स्पष्ट दिसतो. वायव्य ग्रीनलंडच्या थुले भागात दगडगोट्यांच्या उतारांवर कोट्यवधी पक्षी जमतात आणि प्रत्येक जोडी कपारीत एकच अंडे घालते. त्यांच्या विष्ठेच्या खतावर एरवी उजाड राहिले असते असे उतार हिरवे होतात. तिथले इनुघुइट लोक लांब दांड्याच्या जाळ्याने उडते पक्षी पकडतात. शेकडो पक्षी पिसांसकट सीलच्या कातडीत भरून, कातडी शिवून, दगडांखाली काही महिने आंबवले की ‘किवियाक’ हे हिवाळ्यातले खाद्य तयार होते.

नावांच्या बाबतीत या पक्ष्याची चंगळ आहे. डॅनिश लोक त्याला ‘समुद्राचा राजा’ म्हणतात, नॉर्वेजियन ‘ऑकांचा राजा’. एवढ्याशा जिवाला ही बिरुदे जरा भारीच. जर्मन नाव ‘कोळंबी-खेकडे धरणारा बुड्या’ अशा अर्थाचे, आणि वस्तुस्थितीला सर्वांत जवळचे तेच. न्यूफाउंडलंडमध्ये तो ‘बुलबर्ड’. उत्तर अमेरिकेत रूढ असलेले ‘डव्हकी’, म्हणजे ‘छोटे कबूतर’, हे नाव मात्र घोटाळ्याचे: जुने आर्क्टिक प्रवासी ब्लॅक गिलेमॉट या वेगळ्याच ऑकलाही डव्हकी म्हणत. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील प्रवासवर्णनांत हा शब्द आला, की पक्ष्याचे वर्णन ताडून पाहावे.

हिवाळी वादळांत थवेच्या थवे किनाऱ्यावर फेकले जातात. १९३२ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असे हजारो पक्षी पडले होते. जगभरची संख्या मोठी असल्याने जाती संकटग्रस्त मानली जात नाही. आइसलँडच्या ग्रिमसे बेटावरची छोटी वीण-वसाहत मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस संपुष्टात आली.