सुटलेली ट्रिप कोणाची? वैमानिकांच्या पाळीच्या वादांकडे वळणाऱ्यांसाठी प्रस्तावना

अनुभवी कॅप्टनला पगार उत्तम असतो, त्याच्या उड्डाणाच्या तासांवर कायद्याची मर्यादा असते. तरीही आपल्याला न विचारता दुसऱ्याला दिलेल्या तीन दिवसांच्या एका ट्रिपसाठी तो महिनोन्महिने तक्रार लढवतो. अमेरिकी वैमानिकांच्या श्रमसंबंधांचा अभ्यास करू पाहणाऱ्याला पहिले कोडे पडते ते इथे. पैसे बुडाले म्हणून तो लढतो, हे उत्तर अर्धेच आहे, कारण पुष्कळदा पैसे देऊ केल्यावरही वाद मिटत नाही. माझ्या मते हा सारा विषय पाळीचा आहे: कोणाला आधी विचारायचे, कोणाला नंतर, आणि कोणाला न विचारताच पाठवायचे. एवढे धरून आत आलात तर करारातली रूक्ष कलमेही बोलू लागतात.

आधी कामाची रीत पाहू. अमेरिकी कंपन्यांत वैमानिक पुढच्या महिन्याच्या कामासाठी बोली लावतो. जुन्या पद्धतीत कंपनी तयार वेळापत्रके मांडत असे आणि ज्येष्ठतेच्या क्रमाने ती उचलली जात. अशा एका वेळापत्रकाला ‘लाइन’ म्हणतात. आता बहुतेक ठिकाणी प्रत्येक जण आपली पसंती संगणकाला सांगतो आणि संगणक ज्येष्ठतेनुसार त्याचा महिना जुळवून देतो. ज्यांना असा महिना मिळतो ते लाइनहोल्डर. उरलेले रिझर्व्हवर, म्हणजे फोन आला की निघायच्या तयारीत. पण महिना कागदावर मांडला तसा कधीच पार पडत नाही. कोणी आजारी पडतो, कोणाचे सिम्युलेटरवरचे प्रशिक्षण लागते, कोणी वादळात अडकतो आणि त्याचे कामाचे तास संपून जातात. कधी मुळातच माणसे कमी असल्याने काही ट्रिपा कोणाच्याच वाट्याला जात नाहीत. या सुटलेल्या ट्रिपांच्या साठ्याला वैमानिक ‘ओपन टाइम’ म्हणतात.

समजा, न्यूयॉर्कच्या तळावरच्या एका फर्स्ट ऑफिसरने शुक्रवारी रात्री आजारपण कळवले आणि शनिवारी पहाटेची तीन दिवसांची ट्रिप सुटली. शेड्युलरपुढे करारात घालून दिलेली उतरंड असते. कंपनीगणिक तिचा क्रम बदलतो, पायऱ्या मात्र ओळखीच्या आहेत: नेहमीच्या दराने ट्रिप मागणारे, रिझर्व्हवरचे, जादा दराने यायला तयार असलेले, आणि यातले कोणीच मिळाले नाही तर यादीत सर्वांत खालचा, तो सक्तीने. डेल्टामध्ये साध्या दराच्या मागणीला ‘व्हाइट स्लिप’ आणि जादा दराच्या मागणीला ‘ग्रीन स्लिप’ म्हणतात. सक्तीच्या नेमणुकीला कित्येक ठिकाणी ‘ज्युनिअर असाइनमेंट’ हे नाव आहे. आता शेड्युलरच्या हातात काही तासच उरलेत. यादीतल्या पहिल्याने फोन उचलला नाही. त्याच्यासाठी किती वेळ थांबायचे? दुसरा मिळाला, पण त्याची सोमवारची ट्रिप या ट्रिपशी तासाभराने भिडते. ती काढून घेऊन त्याला ही द्यायची, की त्यालाच वगळायचे? रिझर्व्हवरचा एक जण विमानतळाजवळ राहतो, पण त्याच्या आधी दोघांची पाळी आहे. या प्रत्येक प्रश्नावर करारात परिच्छेद आहेत आणि बहुतेक परिच्छेदांच्या मागे कधीतरी पेटलेला वाद आहे. शेड्युलिंगचे प्रकरण वाचायला बसणाऱ्याला माझे एकच सांगणे असते: हे कलम कोणत्या रात्री, कोणाच्या अडचणीतून जन्मले असेल, ते आधी डोळ्यांपुढे आणा.

पाळीचा एवढा आग्रह कशासाठी, याचे उत्तर इतिहासात आहे. 1931 मध्ये डेव्हिड बेंकी यांच्या पुढाकाराने एअर लाइन पायलट्स असोसिएशन उभी राहिली. त्या काळात वाईट हवेत उडायला नकार देणाऱ्या वैमानिकाच्या नोकरीची शाश्वती नसे. 1934 मध्ये नॅशनल लेबर बोर्डाच्या 83 क्रमांकाच्या निर्णयाने महिन्याला 85 तासांची कमाल मर्यादा घातली, आणि 1939 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सशी संघटनेचा पहिला करार झाला. पुढे ज्येष्ठता यादी हा या करारांचा कणा बनला. कॅप्टनची जागा, विमानाचा प्रकार, तळ, रजा, महिन्याचे काम, सारे त्या एका क्रमांकावर ठरते. साहेबाची मर्जी तो क्रमांक हलवू शकत नाही, हे त्याचे मोल. आणि तो दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही, ही त्याची किंमत. वीस वर्षे उडून कंपनी बदलणारा नव्या यादीच्या तळाशी जातो. आयुष्यभराची कमाई अशी एका क्रमांकात साठलेली असताना कोणी तो ओलांडून पुढच्याला फोन केला, तर गेलेली ट्रिप लहान असते आणि लागलेला धक्का मोठा.

कायद्याची चौकट रेल्वेकडून आली आहे. 1926 चा रेल्वे लेबर ॲक्ट 1936 मध्ये विमान कंपन्यांना लागू झाला. या कायद्याच्या व्यवस्थेत वादांचे दोन वर्ग पडतात. नवा करार करण्यावरून किंवा जुना बदलण्यावरून होतात ते मोठे वाद. असलेल्या कराराचा अर्थ लावण्यावरून होतात ते किरकोळ. 1945 च्या एल्गिन, जोलिएट अँड ईस्टर्न रेल्वेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही विभागणी स्पष्ट केली. किरकोळ वादावर संप करता येत नाही, हे 1957 मध्ये ठरले. ओपन टाइमचे जवळजवळ सगळे वाद या दुसऱ्या वर्गात मोडतात आणि ‘सिस्टिम बोर्ड’पुढे जातात, तिथे कंपनीचे आणि संघटनेचे प्रतिनिधी बसतात आणि गरज पडली तर तटस्थ लवाद. 1989 च्या कॉनरेल निकालाने आणखी एक गोष्ट पक्की केली: कंपनीची कृती कराराच्या आधारे कशीबशी जरी समर्थनीय दिसत असली, तरी वाद किरकोळच धरायचा. याचा रोजच्या कामावर होणारा परिणाम सरळ आहे. कंपनी आपल्या वाचनाप्रमाणे नेमणूक करते; वैमानिक आधी उडतो, तक्रार मागाहून.

इथून या क्षेत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न सुरू होतो: तक्रार जिंकली तर द्यायचे काय? ट्रिप तर केव्हाच उडून गेली. म्हणून बहुधा ज्याला डावलले त्याला त्या ट्रिपचा मोबदला न उडताच मिळतो. हा न्याय वाटतो, आणि एका व्यक्तीपुरता तो आहेही. पण मागे काय उरते ते पाहा. घाईच्या रात्री दहा जणांना क्रमाने फोन करण्यापेक्षा हाती लागलेल्या पहिल्याला पाठवायचे आणि मागाहून एकाला भरपाई द्यायची, हे कंपनीला स्वस्त पडू शकते. मग नियम मोडणे हा गुन्हा न राहता एक दर होऊन बसतो. काही करारांनी तर तो उघडपणे मान्य केला आहे: आणीबाणीत उतरंड सोडायची मुभा, बदल्यात डावललेल्याला पैसे. ही तडजोड योग्य की अयोग्य, यावर अभ्यासकांचे एकमत होईल असे मला वाटत नाही. विमान वेळेवर सुटावे यात प्रवाशांचेही हित आहेच. पण नेमके कोणाला डावलले हे शोधायचे काम या व्यवस्थेत बहुधा डावललेल्यावरच पडते. त्याला ते कळलेच नाही, तर तक्रारच होत नाही. तक्रारींच्या संख्येवरून उल्लंघनांची संख्या काढणाऱ्या अभ्यासाकडे म्हणूनच सावधपणे पाहावे.

पैसे आणि पाळी यांतला फरक डिसेंबर 2017 मध्ये अमेरिकन एअरलाइन्समध्ये सर्वांसमोर आला. संगणकातल्या दोषामुळे नाताळच्या सुमाराच्या ट्रिपा वैमानिकांना सोडून देता आल्या. राखीव माणसे पुरेशी आहेत असे प्रणालीने चुकीने धरले होते. हजारो उड्डाणांना वैमानिक उरले नाहीत. कंपनीने त्या ट्रिपांसाठी दीडपट मोबदला जाहीर केला, आणि तिथल्या वैमानिकांची संघटना असलेल्या अलाइड पायलट्स असोसिएशनने त्याच गोष्टीवर तक्रार नोंदवली. बाहेरच्यांना हे कळेना: जास्त पैसे मिळताहेत, मग हरकत कसली? हरकत ही होती की सुटलेल्या ट्रिपा कशा वाटायच्या हे ठरवण्याचा अधिकार कंपनीने एकटीने वापरला. काही दिवसांत दोघांत समझोता झाला. जुलै 2022 मध्ये पुन्हा तसेच घडले आणि 12 हजारांहून अधिक उड्डाणांना कॅप्टन किंवा फर्स्ट ऑफिसर, किंवा दोघेही, नाहीत अशी स्थिती आली. कंपनीने बहुतेक ट्रिपा वैमानिकांच्या वेळापत्रकात परत घातल्या. त्या परत घातलेल्या ट्रिपांसाठी दुप्पट मोबदला द्यायचा, हे संघटनेशी बोलून ठरले. ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचावीत. यंत्राने सोडलेली ट्रिप माणसाची झाली होती का, हा प्रश्न दोन्हींत आहे, आणि करार लिहिणाऱ्यांनी तो आधी पाहिलेला नव्हता.

ओपन टाइम हे वैमानिकांच्या हातातले साधनही आहे. जादा ट्रिप मागणे ऐच्छिक असते. पण सगळ्यांनी एकदम मागणे थांबवले तर? 2000 च्या अखेरीस, नव्या कराराच्या वाटाघाटी चालू असताना, डेल्टाच्या वैमानिकांनी हेच केले आणि उड्डाणे रद्द होऊ लागली. कंपनी न्यायालयात गेली. खालच्या न्यायालयाने मनाई नाकारली; जानेवारी 2001 मध्ये अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. एकट्याने ‘नको’ म्हणणे हा हक्क असला, तरी वाटाघाटींच्या काळात सगळ्यांनी मिळून तसे म्हणणे म्हणजे चालत आलेली स्थिती बदलणे, आणि ते थांबवण्याचा प्रयत्न करणे ही संघटनेची जबाबदारी, असा त्याचा आशय. मला हा निकाल अस्वस्थ करतो. ऐच्छिक म्हणून करारात लिहिलेली गोष्ट एवढ्या सहज बंधनकारक व्हावी, हे पटत नाही. मुंबईकरांना हे चित्र अनोळखी वाटू नये: फेब्रुवारी 2024 मध्ये मध्य रेल्वेच्या मोटरमननी जादा काम नाकारले तेव्हा एका शनिवारी अनेक लोकल रद्द झाल्या. ऐच्छिक जादा कामावर रोजची सेवा किती टेकलेली आहे, हे ते काम थांबल्यावरच दिसते.

वैमानिक आपसांतही भांडतात, आणि नवे अभ्यासक हे पुष्कळदा विसरतात. जादा दराच्या ट्रिपा ज्येष्ठतेने वाटल्या तर मलई वरच्यांकडे जाते आणि सक्ती खालच्यांच्या वाट्याला येते, तीही सणासुदीला. दोघांचे प्रतिनिधित्व करणारी संघटना एकच. ती एकाला झुकते माप देते आहे असे कोणाला वाटले, तर न्यायालयाची कसोटी आहे 1991 च्या ओ’नील निकालाची. कॉन्टिनेंटलच्या 1983 ते 1985 च्या संपानंतर रिकाम्या जागांच्या वाटपावरून ते प्रकरण उभे राहिले होते. संघटनेचे वागणे वाजवीपणाच्या विस्तृत मर्यादेच्या पार बाहेर गेले असेल, तरच दोष धरायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. इतकी रुंद मर्यादा खालच्या क्रमांकाच्या माणसाला फारसा आधार देत नाही.

थकव्याचा विषय स्वतंत्र ग्रंथाचा आहे. इथे एवढेच, की फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान पडून 50 जणांचा मृत्यू झाला, आणि जानेवारी 2014 पासून विश्रांतीचे नवे नियम लागू झाले. ट्रिप कोणाला मिळावी, याच्या आधी ती कोणाला देता येते, हा प्रश्न त्यामुळे अधिक कडक झाला.

या क्षेत्रातले लेखन दोन घरांत विभागले आहे. एका घरात गणिती. अमेरिकन एअरलाइन्समधल्या संशोधकांनी ट्रिपा बांधण्याच्या गणितावर 1991 मध्ये लिहिलेला लेख आणि एअर कॅनडाच्या पसंतीवर आधारित बोलीपद्धतीवर मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी 1998 मध्ये लिहिलेला लेख, हे तिथले टप्पे. दुसऱ्या घरात श्रमिक इतिहासकार आणि कायद्याचे अभ्यासक. जॉर्ज हॉपकिन्स यांचे वैमानिकांच्या संघटनेवरचे काम तिथला पाया आहे. गणितींना महिना जुळवण्यात अधिक रस आहे, इतिहासकारांना संपात. महिना जुळवल्यानंतर आणि संपाच्या आधी जे रोज रात्री फोनवर घडते, ते दोघांच्याही हातून बरेचसे निसटले. त्यात भर म्हणजे सिस्टिम बोर्डांचे बहुतेक निवाडे प्रसिद्ध होत नाहीत. न्यायालयापर्यंत पोहोचलेले थोडे खटले वाचून साऱ्या क्षेत्राबद्दल बोलण्याचा मोह त्यामुळे होतो. तो टाळायचा, तर शेड्युलिंग समित्यांनी सभासदांसाठी लिहिलेली पत्रके आणि एकाच कंपनीचे लागोपाठचे करार मिळवून शेजारी ठेवावेत. एका करारातून दुसऱ्या करारात एखादी पायरी वर गेली, खाली आली किंवा गळली, की तिथे वाद झाला होता असे धरून शोध घ्यावा.

भारतात हा अभ्यास व्हायचा आहे. आपल्याकडे वैमानिकांचे वेळापत्रक मुख्यतः कंपनी ठरवते, आणि ज्येष्ठतेने बोली लावण्याची अमेरिकेसारखी घट्ट परंपरा नाही. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली तेव्हा चर्चा झाली ती विश्रांतीच्या नव्या नियमांची आणि अपुऱ्या वैमानिकांची. उपलब्ध असलेल्यांपैकी कोणाला, कोणत्या क्रमाने बोलावले, हे फारसे कोणी विचारले नाही. मुंबई आणि पुण्याच्या विमानतळांवर काम करणाऱ्या वैमानिकांच्या आणि शेड्युलरच्या मुलाखतींतून हे काम सुरू होऊ शकते. मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या मोटरमनच्या पाळीपत्रकांशी त्याची तुलनाही करता येईल. हे पाळीपत्रक लावणारे आणि त्यावर भांडणारे कितीतरी जण मराठी बोलतात. त्यांना त्यांच्याच भाषेत प्रश्न विचारणाऱ्या अभ्यासकांचे या क्षेत्रात मनापासून स्वागत आहे.