म्हातारपणी जडलेला स्किझोफ्रेनिया

स्किझोफ्रेनिया साधारणपणे विशी-तिशीत सुरू होतो. ऐंशीव्या वर्षी पहिल्यांदाच त्याचं निदान होणं दुर्मीळ. तरीही २०२१ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने हिशोब मांडला, तेव्हा अमेरिकेतल्या नर्सिंग होममधल्या दर ९ रहिवाशांमागे एकाच्या नावावर हा आजार होता. एकूण लोकसंख्येत प्रमाण सुमारे दीडशेत एक. (तिकडचं नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं छोटं खाजगी हॉस्पिटल नव्हे. अंथरुणाला खिळलेली, विसराळू झालेली माणसं तिथे वर्षानुवर्षं राहतात.)

मानसिक तपासणीची सक्ती तिथे १९८७च्या कायद्याने आली. १९६५पासून मेडिकेड नर्सिंग होमचे पैसे देई, मनोरुग्णालयातल्या प्रौढांचे मात्र देत नसे. साहजिकच राज्यांनी बरेच मनोरुग्ण नर्सिंग होममध्ये हलवले. कायद्याने दारातच चाळणी लावली: दाखल होण्याआधी गंभीर मानसिक आजार आहे का ते तपासा. आत आलेल्यांच्या ठरावीक काळाने नोंदी ठेवा.

या नोंदी बराच काळ कर्मचारी नुसतं बघून भरत. गप्प बसलेली आजी 'शांत' ठरे. ऑक्टोबर २०१०पासून नैराश्याचे ९ प्रश्न रहिवाशालाच विचारायचे, असं ठरलं. बोलता येत नसेल तरच कर्मचाऱ्याने सांगायचं. इतकी साधी गोष्ट सुचायला दोन दशकं लागली!

आणि मग २०१२. डिमेन्शियाच्या रुग्णांना अँटिसायकोटिक गोळ्या देऊन गुंगवून ठेवण्याची पद्धत होती. त्या गोळ्यांनी अशा वृद्धांच्या मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा औषध प्रशासनाने २००५मध्येच दिला होता. म्हणून सरकारने प्रत्येक संस्थेत किती जणांना या गोळ्या मिळतात ते मोजून जाहीर करायला सुरुवात केली. मोजणीतून तीन आजार वगळले: स्किझोफ्रेनिया, हंटिंग्टन, टूरेट. वैद्यकीयदृष्ट्या बरोबरच, त्यांना गोळ्या लागतातच. पण कोड लिहिणाऱ्या कुणालाही ती अट वाचून धडकी भरेल. टेस्ट पास होत नसेल तर ती वगळून टाकायची, हा उद्योग आम्ही सगळ्यांनी केलाय. इथे गोळ्या तशाच ठेवून निदान बदललं, की माणूस आकड्यातून गायब.

जानेवारी २०२३मध्ये केंद्रीय यंत्रणेने या निदानांची तपासणी जाहीर केली. निदान खोटं निघालं तर संस्थेचे तारे कापले जातात. आजीची गोळी त्याने बंद होतेच असं नाही.