अळणी, ताप आणि कैरोचा वैद्य

मागच्या महिन्यात चार दिवस तापाने आडवा होतो. घरात मी, पॅरासिटामॉल आणि लॅपटॉप. तिसऱ्या दिवशी आईचा फोन. "अळणी करून पी."

आमच्या कोल्हापूरकडे कोंबडीचा तांबडा-पांढरा रस्सा व्हायच्या आधी नुसत्या हळद-मीठ-आलं-लसणात शिजवल्याचं जे पाणी निघतं, ते अळणी. (नाव अळणी, पण मीठ असतं. डॉक्युमेंटेशन कुणीतरी अपडेट करायचं विसरलं.) म्हटलं, "आई, व्हायरल आहे, आपोआप जाईल." "मग फोनवर कण्हतोयस कशाला?" यावर उत्तर नव्हतं. कोंबडी मागवली, कुकर लावला आणि गावठी असल्याने शिट्ट्या भरपूर होत्या, तोवर हे सगळं सुरू कुणी केलं ते शोधत बसलो.

सगळ्यात जास्त नाव मिळालं ते मैमोनिडीझचं. जन्म 1138, स्पेनमधलं कोर्दोबा. ज्यू धर्मपंडित. तिथल्या राजवटीच्या छळामुळे घरदार सोडून भटकत शेवटी इजिप्तला, कैरोशेजारच्या फुस्तातला, स्थायिक झाला. हा अभ्यास करायचा आणि धाकटा भाऊ डेव्हिड व्यापार करून घर चालवायचा. डेव्हिड भारताकडे निघाला होता. तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरातून त्याने भावाला लिहिलेलं पत्र कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधल्या कागदांच्या ढिगाऱ्यात सापडलं, आजही आहे. पुढे हिंदी महासागरात तो बुडाला. त्याच्याबरोबर दोघांचा आणि इतरांचाही पैसा गेला. मागे बायको आणि लहान मुलगी.

मैमोनिडीझ सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळला, ताप आणि खोल उदासी. आठ वर्षांनी लिहिलेल्या पत्रातही तो सावरलेला दिसत नाही. (माझा धाकटा भाऊ मर्चंट नेव्हीत आहे. इथे थांबून मी त्याला उगाचच "कुठे आहेस?" असा मेसेज टाकला.)

उठल्यावर पोटासाठी त्याने वैद्यकी धरली, ती इतकी चालली की सलादिनच्या दरबारापर्यंत पोचला. त्याच्या वैद्यकीय लिखाणात कोंबडीच्या रश्श्याची शिफारस आहे, दम्यासाठीसुद्धा. अमेरिकेत याला गमतीने 'ज्यू पेनिसिलिन' म्हणतात ते उगाच नाही. तो वर्षभर आडवा असताना त्याला कुणी रस्सा दिला का, हे मात्र कुठे वाचायला मिळालं नाही. मला तेच हवं होतं.

आपल्याकडेही हे नवं नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'कशासाठी काय सर्वोत्तम' अशी लांबलचक यादी आहे. त्यात तृप्ती देणाऱ्यांत मांसरस पहिला आणि बळ देणाऱ्यांत कोंबडा! आयुर्वेद म्हणजे निव्वळ काढे आणि पथ्य समजणाऱ्या माझ्या टीममेटला हे सांगितल्यावर त्याने विषय बदलला.

पण याने खरंच काही होतं का? 1978 साली मायामी बीचच्या डॉक्टरांनी 15 निरोगी माणसांना गरम पाणी, गार पाणी आणि चिकन सूप देऊन नाकातल्या शेंबडाचा वेग मोजला. हो, वेग. सूपने मिनिटाला 6.9 मिलिमीटरचा 9.2 झाला, गार पाण्याने उलट घटला. सूपने वाढलेला वेग अर्ध्या तासात पूर्ववत. म्हणजे परिणाम खरा, पण टिकाऊ नाही. 2000 साली नेब्रास्काच्या स्टीफन रेनार्ड यांनी बायकोच्या लिथुआनियन आजीच्या पाककृतीचं सूप प्रयोगशाळेत नेलं. जंतुसंसर्गाकडे धावणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल त्याने मंदावली, आणि या पेशींच्या गर्दीमुळेच सर्दीचा त्रास वाढत असावा, असा तर्क. पण हे काचेच्या भांड्यात, माणसात नव्हे. आमच्या भाषेत युनिट टेस्ट पास, प्रॉडक्शनचं कुणी बघितलेलं नाही.

कुकर उघडला. वाटीभर प्यायलो, नाक मोकळं झालं, घाम आला. अर्ध्या तासाने परत चोंदलं, अगदी मायामीसारखं! मग दुसरी वाटी.

भावाचा रिप्लाय रात्री आला. सिंगापूरजवळ होता. "आईने सांगितलं. लसूण जास्त टाक."