भाऊसाहेब निंबाळकर : नाबाद ४४३

महाराष्ट्रातील क्रिकेटच्या इतिहासात थोर फटकेबाजाची लोकप्रिय प्रतिमा प्रथम निर्माण केली ती नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडू यांनी. १९२६ च्या डिसेंबरात मुंबईच्या जिमखाना मैदानावर एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या आणि त्यांत ११ षटकार होते. भाऊसाहेब निंबाळकर यांची थोरवी निराळ्या जातीची होती. आणि ती नीट पारखली गेली नाही, असेच म्हणावे लागते.

निंबाळकरांचा जन्म १२ डिसेंबर १९१९ रोजी कोल्हापूर येथे झाला. १९४८ च्या डिसेंबरात, १६ ते १८ या तारखांस, पुण्याच्या पूना क्लब मैदानावर महाराष्ट्र व काठेवाड यांच्यात रणजी करंडकाचा सामना झाला. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला. उत्तरादाखल निंबाळकर ४९४ मिनिटे खेळले. दुसऱ्या गड्यासाठी के. व्ही. भांडारकर यांच्यासह त्यांनी ४५५ धावांची भागी केली. भांडारकरांचा वाटा २०५ धावांचा होता. निंबाळकरांच्या ४४३ धावांत ४९ चौकार आणि अवघा एक षटकार होता. म्हणजे २०२ धावा सीमापार फटक्यांच्या आणि उरलेल्या २४१ त्यांनी धावून काढलेल्या! सामर्थ्यापेक्षा चिकाटी व एकाग्रता हे या खेळीचे अधिष्ठान होते, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

सिडनी येथे १९३० साली ब्रॅडमन यांनी केलेल्या नाबाद ४५२ धावांचा विश्वविक्रम आता केवळ नऊ धावांवर होता. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या असता, मध्यंतरात काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब यांनी पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडून दिला. धावफलकावर आपल्या संघाची अधिक नामुष्की होऊ नये, हा त्यांचा हेतू होता. संस्थानिकी प्रतिष्ठेचा तो काळ मावळत होता. मानापमानाच्या कल्पना मात्र मावळल्या नव्हत्या.

लोकस्मृतीत हाच प्रसंग रुजला आहे. परंतु त्या नऊ धावांहून मोठी हानी दुसरीच होती, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला होता. मुंबईची दुसरी कसोटी पुण्यातील सामन्यापूर्वी तीनच दिवस आधी संपली होती आणि कलकत्त्याची तिसरी ३१ डिसेंबरला सुरू व्हावयाची होती. निवड समितीपुढे याहून समयोचित दाखला आणखी कोणता यावयाचा? तरीही निंबाळकरांना त्या मालिकेत स्थान मिळाले नाही. पुढेही एकाही अधिकृत कसोटीत ते खेळले नाहीत. काठेवाडची गोलंदाजी सामान्य होती, आणि हजारे व रूसी मोदी त्या मालिकेत उत्तम खेळले, हे आक्षेप विचारात घेण्याजोगे आहेत. मात्र प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १२ शतकांसह ४,८४१ धावा आणि ४७.९३ ची सरासरी, हा एकाच दुबळ्या प्रतिपक्षाचा प्रसाद नव्हे. महाराष्ट्र, होळकर, रेल्वे अशा निरनिराळ्या संघांकडून ते दीर्घकाळ खेळत राहिले.

पुढे हनीफ महंमद यांनी १९५९ साली ४९९ व ब्रायन लारा यांनी १९९४ साली नाबाद ५०१ धावा करून ब्रॅडमन यांचा विक्रम मागे टाकला. भारतीय फलंदाजांत मात्र प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये निंबाळकरांचा आकडा आजही सर्वोच्च आहे. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते निवर्तले.

मराठीत ‘बाद’ हा शब्द जमाखर्चाच्या भाषेतही रुळलेला आहे. हिशेबातून वगळलेली रक्कम ‘बाद’ होते. पुण्याच्या मैदानावर निंबाळकर नाबाद राहिले. कसोटीच्या हिशेबातून मात्र ते बाद झाले, आणि ते कोणा गोलंदाजाचे कर्तृत्व नव्हते. त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना नऊ धावांची हळहळ बाजूस ठेवून या दुसऱ्या वजाबाकीचा विचार होणे अगत्याचे आहे.