कुंभकोणमचा एम्डन आणि पाण्याखालचा दबा

पायदळातल्या माणसाने पाणबुडीवर लिहावं, तेही कुंभकोणमला बसून, हे जरा आगाऊपणाचंच आहे. इथून समुद्र पन्नास-साठ किलोमीटर दूर. गावाच्या एका अंगाला कावेरी, दुसऱ्या अंगाला अरसलार. मधे देवळं, पितळेची दुकानं आणि त्या पितळेच्या डबऱ्यातून येणारी डिग्री कॉफी. माझी नेमणूक एनसीसीची. आयुष्यभर डोंगर तुडवलेल्या माणसाला ही पोस्टिंग म्हणजे सुट्टीच वाटते, निदान पहिला आठवडा.

आमच्याकडे दुसऱ्या वर्षाचा एक कॅडेट आहे. घरी मराठी बोलतात. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतलं आणि १८५५ मध्ये इंग्रजांनी ते खालसा केलं. त्या पावणेदोनशे वर्षांत इकडे आलेली घराणी अजून आहेत. त्यांची मराठी जुन्या वळणाची, हेल पूर्ण तमिळ. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, आजोबांच्या पत्रव्यवहारातली भाषा कुणीतरी मोठ्याने वाचतंय.

आमचे सुभेदार साहेब या मुलाला ‘एम्डन’ म्हणतात. तमिळमध्ये हा शब्द पक्क्या, बिलंदर माणसासाठी वापरतात. तो आला जर्मन युद्धनौकेवरून. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एम्डन’ने मद्रासवर तोफा डागल्या, बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्या पेटल्या आणि जहाज अंधारात नाहीसं झालं. इथे बरेच जण एम्डनला पाणबुडी समजतात. ती पाणबुडी नव्हती, क्रूझर होती. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांजवळ ऑस्ट्रेलियाच्या ‘सिडनी’ने तिचा निकाल लावला. पण न दिसता येऊन दणका देऊन जाणारी म्हणून लोकांनी तिला पाण्याखाली ढकललं, यात लोकांचं फारसं चुकलं असं मला वाटत नाही.

तर या एम्डनला नौदलात जायचंय आणि नौदलातही पाणबुडीवरच. तयारी म्हणून साहेब रात्री कॉम्प्युटरवर ‘सायलेंट हंटर ३’ खेळतात. २००५ चा जुना खेळ, दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी चालवायची. एका रविवारी मला घरी जेवायला बोलावलं आणि जेवणानंतर खेळ दाखवला. वीस मिनिटांत तीनदा बुडाला.

मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. पहिली गोष्ट लगेच दिसली. पोरगं पाठलाग करत होतं. समोर मालवाहू जहाजांचा ताफा दिसला की पाण्याखाली जाऊन फुल स्पीड. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्या काळची पाणबुडी ही खरं तर गरज पडल्यावर बुडी मारणारी होडी. खेळातली टाइप सात घ्या: पाण्यावर सतरा-अठरा नॉट, पाण्याखाली जेमतेम साडेसात, आणि तेही बॅटरी एखाद्या तासात रिकामी करून. चार नॉटने चाललात तर ऐंशी सागरी मैल जाता येतं. ताफा स्वतः सात-आठ नॉटने चाललेला. म्हणजे पाण्याखालून मागे लागून तो कधीच हाती लागत नाही. रात्री पाण्यावरून लांबचा वळसा घालून त्याच्या पुढे जायचं, बुडी मारायची आणि त्याला आपल्याकडे येऊ द्यायचं. पायदळात याला ॲम्बुश म्हणतात. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “सर, मग खेळात करायचं काय?” वाट पाहायची. हेच करायचं.

दुसरी चूक नेम धरण्यातली. तो जहाजावरच नेम धरून टॉर्पेडो सोडत होता. मी वही घेतली. जहाज आडवं चाललंय, वेग आठ नॉट, अंतर हजार मीटर. टॉर्पेडोचा वेग तीस नॉट, म्हणजे पोचायला पासष्ट सेकंद. तेवढ्यात जहाज साधारण पावणेतीनशे मीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून नेम जहाजाच्या पुढे, या हिशोबात सुमारे पंधरा अंश. जहाजाचा वेग, त्याची दिशा आणि अंतर या तीन गोष्टी बरोबर ओळखल्या की उरतो तो शाळेतला त्रिकोण. वेग दोन नॉटने चुकला तर सत्तर मीटरचा फरक पडतो, आणि सत्तर मीटर म्हणजे छोट्या मालवाहू जहाजाची निम्म्याहून जास्त लांबी. म्हणून नवशिक्याने जवळून आणि काटकोनातून मारावं. हजार मीटरच्या आत हिशोब थोडा चुकला तरी खपतो.

त्रिकोणावरून बोलणं रामानुजनवर जाणारच होतं. सारंगपाणी देवळासमोरच्या गल्लीत त्यांचं घर आहे, आता जपून ठेवलंय. इथल्या टाउन हायस्कुलात शिकताना लोनीचं त्रिकोणमितीचं पुस्तक त्यांनी वयाच्या तेराव्या वर्षाच्या आसपास पचवलं होतं, हे इथला प्रत्येक रिक्षावाला सांगतो. पण त्यांच्या आयुष्यात पाणबुडीचीही सावली आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. १७ मार्च १९१४ ला ते ‘नेवासा’ बोटीने मद्रासहून निघाले. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं. ३० डिसेंबर १९१५ ला मुंबईकडे निघालेली ‘पर्शिया’ ही पी अँड ओ कंपनीची प्रवासी बोट क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने बुडवली. ५१९ पैकी ३४३ माणसं गेली. १९१७ मध्ये रामानुजन इंग्लंडात आजारी पडले तेव्हा घरी जायचा समुद्र हा असा होता. ते परतले ते युद्ध संपल्यावर, मार्च १९१९ मध्ये, ‘नागोया’ बोटीने मुंबईला उतरून. वर्षभराने, २६ एप्रिल १९२० ला मद्रासला गेले. वय बत्तीस. भूमध्य समुद्रात त्या क्षणी पाणबुडी होती की नव्हती याला अर्थ नव्हता. ती असू शकते, एवढ्याने सगळा मार्ग धोक्याचा झाला होता.

हेच मला त्या मुलाच्या डोक्यात भरवायचं होतं. पाणबुडीचं खरं हत्यार टॉर्पेडो नाही. ती कुठे आहे हे समोरच्याला माहीत नसणं, हे हत्यार आहे. ते एकदा गेलं की ती एक मंद, आंधळी, पातळ पत्र्याची नळी उरते. पेरिस्कोप दहा सेकंद वर, मग खाली. तेही दोन नॉटच्या वेगात, नाहीतर त्याची पांढरी रेघ पाण्यावर उमटते. टॉर्पेडो सुटल्यावर तो लागतोय का हे पाहायला थांबायचं नाही. खोल जा, वळा, मोटर हळू करा. आणि रेडिओला हात लावायचा नाही.

इथे मी त्याला १९७१ सांगितलं. ‘गाझी’ ही पाकिस्तानची अमेरिकन बनावटीची पाणबुडी. श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात येण्याइतका पल्ला त्यांच्या ताफ्यात तिचाच. १४ नोव्हेंबरला कराचीहून निघाली ती ‘विक्रांत’च्या शोधात. विक्रांतच्या बॉयलरला तडा होता, वेग अर्धवट, म्हणजे सावज सोपं. पूर्व विभागाचे व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी तिला अंदमानात लपवलं आणि ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेला विक्रांतचं सोंग दिलं. बिनतारी संदेशांचा गलका केला. मोठ्या जहाजाला पुरेल एवढं सामान मागवलं. विक्रांतवरच्या एका खलाशाच्या आजारी आईची चौकशी करणारी साधी, उघडी तार पाठवली. ती तार मला सगळ्यात भारी वाटते. तोफेपेक्षा आईची काळजी जास्त खरी वाटते, हे ज्याला कळलं त्याला युद्ध कळलं.

गाझीने आधी मद्रासचा समुद्र धुंडाळला, मग विशाखापट्टणमच्या तोंडाशी आली. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री मोठा स्फोट झाला, किनाऱ्यावरच्या घरांच्या काचा हादरल्या. राजपूतने डेप्थ चार्ज टाकले होते. आपण म्हणतो त्यांनी बुडवली, पाकिस्तान म्हणतं आतल्या स्फोटाने किंवा स्वतःच्याच सुरुंगाने. आत नव्वदहून जास्त माणसं होती, एकही वाचला नाही. त्याच ४ तारखेला विक्रांतची विमानं कॉक्स बाजारवर होती. इथल्या एका निवृत्त मास्तरांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते खूश होऊन म्हणाले, जुन्या तमिळ बोलीत कुणाला सफाईने गंडवलं की त्याला ‘कुंभकोणम’ केलं म्हणतात. आपण गनिमी कावा म्हणतो. त्यांच्या गावाचं नाव या कामाला लागलंय याचा त्यांना अभिमान होता की राग, मला नीट कळलं नाही.

पण एकच बाजू सांगितली तर ती भाषणबाजी होते. पाच दिवसांनी पारडं फिरलं. ‘हँगोर’च्या वातानुकूलन यंत्रात बिघाड झाला होता, तिने कराचीशी बोलण्यासाठी रेडिओ वापरला आणि आपल्याला तिचा माग लागला. तिला शोधायला ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ निघाल्या. म्हणजे चूक हँगोरची. पण नंतर तिने मोटर हळू केली आणि कान देऊन दबा धरून बसली. खुकरीने एका सोनारच्या प्रयोगासाठी वेग कमी ठेवला होता. ९ डिसेंबरच्या संध्याकाळी दीवजवळ हँगोरचा पहिला टॉर्पेडो किरपाणवर वाया गेला, दुसरा खुकरीला लागला. काही मिनिटांत जहाज खाली. १८ अधिकारी, १७६ खलाशी. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. हँगोर कराचीला सुखरूप पोचली. दीवला स्मारक आहे. गेलात तर समुद्राकडे तोंड करून थोडा वेळ उभे राहा.

मुलाची आई इतका वेळ दारात उभी होती. तिने विचारलं, “सर, यात परत सुरू करतात ना?” खेळाबद्दल विचारत होती, पण खेळाबद्दल नव्हतं. मी म्हणालो, “ताई, यात करतात.” मग तिला जे खरं ते सांगितलं. पाणबुडीवर स्वेच्छेनेच जातात. विशाखापट्टणमच्या ‘सातवाहन’वर शिकवतात, अडकलेल्या पाणबुडीतून बाहेर कसं पडायचं हेही शिकवतात. आणि २०१३ मध्ये, १४ ऑगस्टच्या आधीच्या रात्री, मुंबईच्या गोदीत उभ्या ‘सिंधुरक्षक’वर १८ जण गेले, शांततेच्या काळात, हेही. ती काही बोलली नाही. कॉफी आणायला आत गेली.

मला माझा पहिला ॲम्बुश आठवला. बर्फाच्या आधीचे दिवस, नाल्याच्या काठी सहा तास पडून. कंटाळून मी घड्याळ पाहिलं. काट्यांचा हिरवा उजेड, बस. त्या रात्री कुणी आलं नाही. का आलं नाही, हे मला कधीच कळणार नाही. सकाळी माझे सुभेदार काही बोलले नाहीत. माझं मनगट धरलं आणि घड्याळावर मोज्याचा तुकडा बांधून दिला. या मुलाला मी ती गोष्टही सांगितली. खेळात वेळ हजारपट पळवायचं बटण आहे, तास सेकंदांत जातात. मी म्हणालो, आज ते बटण दाबू नकोस.

तो बसला. अर्धा तास, पाऊण तास. हायड्रोफोनवर पंख्यांचा आवाज आला, वाढला. पेरिस्कोप दहा सेकंद वर, खाली. वहीत वेग, दिशा, अंतर. ताफा तीन हजार मीटरवरून आडवा निघून गेला. आमची जागाच चुकली होती. त्याने माऊसवर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि बोट उचललं. टॉर्पेडो सगळे नळीत. ताफ्याची दिशा त्याने वहीत लिहिली आणि म्हणाला, “आता रात्री वर येऊन पुढे जातो, सर.”

मी अकराला घरी गेलो. सोमवारी सकाळच्या परेडला एम्डन सात मिनिटं उशिरा आला, डोळे लाल. सुभेदार साहेबांनी त्याला मैदानाच्या दोन फेऱ्या दिल्या.